स्वस्तातलं वायफाय

पर्वत पाटियाच्या बाजारात साडी घ्यायला गेले तरी चार दुकानं पालथी घातल्याशिवाय मी पैसे काढत नाही. त्यामुळे घरात वायफाय घ्यायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याकडेच येणार होतं. नवरा इच्छापोरच्या कारखान्यात, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो.

मी तीन प्लॅन काढले. एक महागडा, सोबत ढीगभर फुकट चॅनल. दुसरा मधला, पण राउटरचं डिपॉझिट वेगळं. तिसरा आमच्या डिंडोलीतल्याच केबलवाल्याचा, सगळ्यात स्वस्त, फक्त सहा महिन्यांचे पैसे एकदम द्यायचे. मधल्या कंपनीच्या माणसाने विचारलं, "घर में कितने लोग यूज करेंगे?" मी चार म्हणाले. नवरा, दोन पोरं आणि मी. सासरे, म्हणजे आमचे आबा, शेजारीच खुर्चीत बसले होते. त्यांना मी धरलंच नाही. उभा जन्म कापड कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान केव्हाच गेलेत. त्यांना इंटरनेट कशाला, असं मला अगदी मनापासून वाटलं.

तरी रीत म्हणून कानाशी ओरडून विचारलं. "माले काय करनं शे? तू ठराव," ते म्हणाले. मी केबलवाल्याला पैसे दिले, नवऱ्याच्या मोबाइलचा रिचार्ज लहान केला आणि आठवडाभर शेजारणींना माझी हुशारी ऐकवली.

आबांचे एक जोडीदार आहेत. कारखान्यात दोघांचे माग शेजारीशेजारी होते. गेल्या दिवाळीत ते धुळ्याकडे आपल्या गावी परत गेले. तेव्हापासून रोज जेवणाआधी नवऱ्याच्या मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. मी तिकडे पाठ करून भाकरी थापत असायचे. कानावर एक शब्द यायचा नाही. मला वाटायचं, म्हातारी माणसं, एकमेकांचं तोंड बघून समाधान मानत असतील.

वायफाय आलं, कॉल त्यावरून होऊ लागले आणि दोन मिनिटांत संपू लागले. मग आबा कॉल घेईनातच. संध्याकाळी नुसते ओट्यावर बसायचे आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे. मी म्हटलं, दोघांचं काहीतरी बिनसलं.

"चित्र अडकतंय त्यांचं," नवरा म्हणाला.

"चित्र अडकलं म्हणून काय झालं? आवाज तर येत असेल ना."

"आवाजाचं त्यांना काय करायचंय? त्यांचे जोडीदारही बहिरेच आहेत."

त्या संध्याकाळी कॉल आला, तेव्हा मीच आबांना तो घ्यायला लावला आणि गॅस बंद करून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांचे ओठ भराभर हलत होते, आवाज कुणीच काढत नव्हतं. मागांच्या आवाजात कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून कामगार ओठांवरून बोलणं ओळखतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण हे दोघं अजून तसेच बोलतात, हे कधी बघितलं नव्हतं. मध्येच जोडीदारांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. आबा पुढे वाकून थांबले. चित्र एकदम पुढे सरकलं तोवर ते वाक्य निघून गेलेलं. आबांनी परत विचारलं, परत तेच. शेवटी त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

मला फार वाईट वाटलं. आम्ही घरातले सगळे त्यांच्या कानात कामापुरतं ओरडत होतो. मनातलं बोलायला त्यांना ते एकच माणूस होतं.

केबलवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "सांजे तो एवुं ज चालशे, बेन." संध्याकाळी असंच चालणार, सगळी गल्ली एकाच लाइनवर. भरलेले पैसे काही परत मिळाले नाहीत. मी मधला प्लॅन घेतला, डिपॉझिटसकट. नवऱ्याने माझ्या हुशारीवरून चिडवलं, ते मुकाट ऐकून घेतलं.

आता कॉल जेवण थंड होईपर्यंत चालतो. परवा दोघं कशावरून तरी भांडत होते. जोडीदारांनी बोट नाचवलं, आबांनी मांडीवर थाप मारली आणि मग दोघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी शेजारी बसून होते, मला काडीचं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. आवाज न काढता, तोंड चांगलं मोठं उघडून एकेक शब्द म्हटला, "आबा, चहा ठेवू का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"इतली वरडू नको बेटा," ते म्हणाले. "माले समजस."