भेसळ

मी झाडाच्या पानावरच्या केसांवर पीएचडी करत होते. आमच्या भावकीत हे सांगायची सोय नव्हती. 'केसावर' म्हटलं की निम्म्या लोकांना वाटायचं पोरगी कोर्टात जाते, उरलेल्यांना वाटायचं पार्लर काढणार. एका मावशीनं तर टक्कल पडलेल्या जावयाला थेट आमच्या सोप्यात आणून बसवलं. मी त्यांना समजावलं, माझे केस झाडाचे आहेत. ते बिचारे म्हणाले, "तरीबी बघा की, काय हुतंय का."

विषय खरं तर सोपा होता. मोहरीच्या कुळातलं एक वीतभर तण असतं, त्याच्या पानावर लव असते. त्यातला एक केस म्हणजे एकच पेशी, आणि त्या एकट्या पेशीला तीन फाटे फुटतात. फुटावेत की नाही आणि किती, हे जनुकं ठरवतात. एखादं जनुक बिघडलं की केस सुईसारखा सरळ उभा राहतो, दुसरं बिघडलं की चार-पाच फाटे काढून बसतो. बिघडलेलं झाड बघायचं आणि त्यावरून चांगल्या झाडात ते जनुक काय काम करत होतं ते ओळखायचं. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, यासाठी माणसाला विद्यापीठात का जावं लागतं ते शेवटपर्यंत पटलं नाही. "फाटे फोडू नगंस" हे त्यांचं घरातलं ठरलेलं वाक्य. मी म्हणायचे, "मी फोडत नाही आबा, मोजते."

दोन हजारनंतरची ती लोडशेडिंगची वर्षं. विद्यापीठातल्या दिव्यांचा काही भरवसा नव्हता, म्हणून थंडीत मी रोपांचा ट्रे घरी आणून सोप्यातल्या खिडकीत ठेवला. चाळीस रोपं, त्यांतली नऊ सरळ केसांची. त्या नवांना हिरव्या शेंगा धरल्या होत्या. त्यांचं बी हाती आलं की माझं पुढचं सगळं काम मार्गी लागणार होतं. नेमकं तेव्हाच गारगोटीकडचं एक स्थळ आलं. पाहुणे रविवारी येणार होते. त्यांना मे महिन्यात लग्न हवं होतं, आणि लग्नानंतर शिक्षण नको होतं. मी रडले, भांडले. शेवटी आबांनी शेतकऱ्याला शोभेल असा निवाडा दिला, "रविवारपातूर तुझ्या झाडाचं पीक दिसलं, तर दोन वर्सं थांबा म्हणून सांगतो त्यास्नी. न्हाईतर मे."

शनिवारी दुपारी विद्यापीठातून परत आले, तर आबा माझं भिंग हातात घेऊन ट्रेसमोर बसलेले. चेहऱ्यावर असा आनंद मी फक्त ऊस तोडणीला गेला की बघितला होता.

"भेसळ लई हुती गं तुझ्या प्लॉटात," ते म्हणाले. "नऊ काढली. आता बघ कसं एकसारखं दिसतंय."

आबांनी अनेक वर्षं बियाणं कंपनीसाठी सोयाबीनचे प्लॉट केले होते. त्या कामात ओळीतून फिरायचं आणि इतरांपेक्षा वेगळं दिसेल ते झाड उपटायचं, नाहीतर तपासणीचा साहेब सगळा प्लॉट नापास करतो. त्यांनी लेकीसाठी तेच केलं होतं, तेही डोळ्यांत तेल घालून. "समद्यांच्या केसाला तीन-तीन फाटं, आन ह्यांचं नुसतं सुईवानी. म्हटलं, उद्या पावण्यांम्होरं शोभा नगं."

"आबा, ती भेसळच माझी पीएचडी होती!" मी एवढ्यानं ओरडले की आई पिठाच्या हातानं बाहेर आली. उपटलेली नऊच्या नऊ झाडं आबांनी गोठ्यात टाकली होती, ती म्हशीनं खाल्ली होती. मी भोकाड पसरलं. त्यात राग जास्त होता की दुःख, सांगता येणार नाही. आणखी चीड याची, की नवातलं एकही सुटलं नव्हतं. ते केस ओळखायला मला दोन महिने लागले होते, आबांना एक दुपार.

रडून झाल्यावर मीच त्यांना सांगितलं, की उरलेल्या एकतीसातल्या बऱ्याच रोपांच्या पोटात तो बिघाड लपलेला आहे. त्यांचं बी पेरलं की सरळ केस पुन्हा येतील, पण आणखी एक पीक घ्यावं लागेल. आबांनी ऐकून घेतलं. चुकलं असं म्हणाले नाहीत, ते त्यांच्यात बसतच नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. पोहे झाले. मुलाचे मामा खिडकीतल्या ट्रेकडं, मग माझ्याकडं बघत म्हणाले, "शिक्षान लई लांबलं की. पोरगी जरा येगळीच हाय म्हणायची."

"व्हय," आबा म्हणाले. "भेसळ हाय ती."

चहाचे कप घेऊन येणारी आई दारातच थांबली. मी मान खाली घातली.

"जल्मभर येगळं दिसलं की उपटत आलो मी पावणं. काल नऊ उपटली, आन मग कळलं की कामाची तीच हुती. ही न्हाय उपटायची आता. दोन वर्सं थांबत असशीला तर च्या घ्या." मग आईकडं बघून म्हणाले, "आन थांबत नसशीला, तरीबी घ्या. केलाय की."

त्यांनी चहा घेतला आणि गेले. परत कधी निरोप आला नाही.

सोमवारी सकाळी उठले, तर आबा ट्रेसमोर भिंग घेऊन उभे होते. "ह्यातलं कुठलं उपटायचं न्हाय," ते म्हणाले, "ते आधी दाव मला."