धाकटीच्या फेऱ्या

सख्ख्या जावांचं एका चुलीवर जमत नाही म्हणतात. या दोघींचं चुलीवरही जमलं होतं आणि नळांच्या कारखान्यात एका टेबलावरही. थोरली बसून नळ जोडायची. धाकटी दुसऱ्या टोकाच्या रॅकवरून वायसर, दांडे, मुठी आणून द्यायची. अकरा वर्षं हेच चाललं होतं. डबा एक, आणि सासूला नावं ठेवायची तीही एकजुटीनं.

मग कामात सुधारणा शिकवायला एक साहेब आले. गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ, म्हणून बायकांनी त्यांना 'घड्याळजी' करून टाकलं. माणूस गोड. इतका गोड, की मुंग्या कशा लागल्या नाहीत याचंच नवल. “काम वाढवायचं नाही, वाया जाणारं तेवढं काढून टाकायचं,” ते म्हणाले. “ते कुठं आहे हे मला नाही, तुम्हालाच माहीत. आणि घाबरू नका, कुणाचीही नोकरी जाणार नाही.” त्यांनी खडूनं जमिनीवर गोल काढला. एकेकीनं त्यात अर्धा तास उभं राहायचं, तोंड बंद ठेवायचं आणि दुसरीचं काम नुसतं बघायचं.

थोरली हसतच गोलात शिरली. अकरा वर्षं तिनं नळाकडे बघितलं होतं, माल आणणारीकडे नाही. आता बघितलं. अर्ध्या तासात धाकटीच्या नऊ फेऱ्या झाल्या. दर फेरीला रॅकपाशी पोचली की ती आधी लोखंडी खांब धरायची, डावा गुडघा जरा सैल करायची आणि मग खोकं उचलायची. घरी कधी हूं का चूं केलं नव्हतं बाईनं. आपण इतकी वर्षं खुर्ची उबवत बसलो, याची थोरलीला मनापासून लाज वाटली.

पुढच्या बैठकीत तिनं हात वर केला. “रॅकच टेबलाजवळ आणा की. फळ्या थोड्या उतरत्या ठेवा, म्हणजे माल आपोआप हाताशी येईल. माझ्या जावेचा गुडघा तरी वाचेल.” दोघींनी मिळून पुठ्ठ्याचा नमुना केला. उतार किती हवा, हे धाकटीनंच वायसर सोडून सोडून ठरवलं.

घड्याळजींनी टाळ्या वाजवल्या. थोरलीचा फोटो दारातल्या फळ्यावर लागला. खाली लिहिलं होतं, 'फेऱ्या: आधी दिवसाला एकशे चव्वेचाळीस, आता शून्य.' धाकटीनं तो दहा जणींना दाखवला. “आमच्या ताईंचं डोकं बघा!”

शून्य म्हणजे काय, ते पंधरा दिवसांनी कळलं. सुपरवायझरनं धाकटीला बोलावलं. टेबलाला आता एक बाई पुरत होती. नोकरी शाबूत होती, फक्त बदली होती. धुलाई खात्यात, आठ तास, ओल्या फरशीवर उभ्यानं.

लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात. थोरलीनं तो जावेच्या दुखऱ्या पायावर मारला होता आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. ती तडक घड्याळजींकडे गेली.

“तिचा गुडघा वाचावा म्हणून सांगितलं होतं मी!”

“गुडघ्याचं फळ्यावर कुठं लिहिलं होतं बाई? फेऱ्याच लिहिल्या होत्या.” आवाज तितकाच गोड.

“मग मला पाठवा धुलाईला. तिला बसवा टेबलावर.”

“तिला नळ जोडता येतो?”

येत नव्हता. अकरा वर्षांत धाकटीनं दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा थोरली म्हणाली होती, “तुला कशाला गं? मी आहे ना!”

धाकटीनं धुलाई खात्यात तेवीस दिवस काढले. चोविसाव्या दिवशी गुडघा वाकेना, तेव्हा तिनं आपणहून राजीनामा लिहून दिला. म्हणजे साहेबांचा शब्द खरा झाला. त्यांनी कुणालाच काढलं नाही.

त्या संध्याकाळी थोरली कामावरून आली तर धाकटी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली. वरच्या फळीवरचे सगळे डबे खाली आलेले. मीठ, तेल, सुरी, कढई, सगळं ओट्याच्या कडेनं ओळीत, हात लांबवला की सापडेल असं. थोरलीनं हात धुतले आणि पुढं झाली.

“काय चिरायचंय? दे इकडं.”

“काही नाही ताई.” धाकटीनं मान वर केली नाही. “तुम्ही दाखवलंत तसंच लावून घेतलंय. आता एकीनं भागतं.”

 थोरली मागं सरून दारात उभी राहिली आणि नुसती बघत राहिली.