घानावाल्या भाऊंचा पक्ष

मी पदवीधर झालो तो घानावाल्या भाऊंमुळे, आणि आयुष्यात माझं डोकंही सर्वांत जास्त त्यांनीच खाल्लं. सिरोंच्याचा हा माणूस तरुणपणी आफ्रिकेत, घाना देशातल्या सागवानाच्या आरागिरणीत कामाला गेला आणि परतला तो तिथल्या एका चिमुकल्या पक्षाचा कार्यकर्ता होऊन. त्या पक्षाचा एकही माणूस निवडून आल्याचं मी कधी वाचलं नाही. आणि वाचायचो मीच.

दहावीनंतर बाबा मला गोदावरीवर मासेमारीला नेणार होते. भाऊ आमच्या दारात ठाण मांडून बसले. "याले चंद्रपूरले कालेजात धाडा. मले इंग्रजी बातम्या वाचून दाखवाले माणूस पाह्यजे." बाबा वैतागून हो म्हणाले. मग दर सुट्टीत मोबाइलवर पक्षाच्या बातम्या शोधायच्या आणि मराठीत सांगायच्या. निकालाच्या दिवशी मी जरा अडखळलो की भाऊ डाफरत, "काऊन बे, आवाज काऊन बारीक झाला? हरलो तं हरलो, मोठ्यानं वाच!"

पक्षाचं चिन्ह मडकं. भाऊंनी ते रस्त्याकडच्या भिंतीवर लाल रंगात काढलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा. दुसऱ्या दिवशी महिला मंडळ झाडू घेऊन हजर. पुढे दुर्गाबाई.

"मोहाची दारू कुठी गाळून राह्यले, भाऊ?"

"बाई, हे पक्षाचं मडकं हाय."

"कोणत्या पक्षाचं?"

"घानाच्या."

"मंग तिथीच गाळा!"

भाऊ त्यांना पक्षाचा जाहीरनामा समजावत बसले. बायकांनी तोवर भिंतीला चुना फासला.

गेल्या महिन्यात तो पक्ष एका मोठ्या पक्षात विलीन झाला. भाऊंना आता फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे मी चंद्रपूरहून मोठ्या अक्षरांत पत्र लिहितो. त्यांची मुलगी सुमनताई फोनवर म्हणाली, "सांगू नको रे. मागं पक्ष नुसता हरला तं दोन दिवस जेवले नाई. आता खाटेवर हायत. पक्ष चालू हाय, असं लिहून टाक."

तसं लिहायला बसलो. दोन कागद फाडले. तिसरा पाठवला:

"भाऊंना नमस्कार. आपला पक्ष मोठ्या पक्षात गेला. सगळे पुढारी गेले, कोणी विरोध केल्याचं कुठे वाचलं नाही. सुमनताई सांगू नको म्हणत होती, तिच्यावर चिडू नका. मी रविवारी येतो. तोवर जेवण सोडू नका. पक्षात आता तुम्हीच उरलात."