कुंपणापलीकडची बिअर

बाळांनो, आमच्या शेजारी एकटे राहणारे आजोबा गॅरेजमध्ये बिअर करतात. तिच्यात हॉप्सच्या कडवट फुलांची एकच जात घालतात. “दोन घातल्या की कोण बोलतंय कळत नाही, मेट!” इकडे मेट म्हणजे दोस्त; त्यांच्या लेखी मीही मेटच!

रविवारी त्यांनी कुंपणावरून ग्लास दिला. आमटी चाखावी तशी मी थेंबभर तळहातावर घेतली. सडक्या अंड्यांचा भपकारा आला. ते मात्र आपल्या ग्लासातला मोठा घोट घेऊन म्हणाले, “फुलांचा संत्र्यासारखा वास येतोय ना?”

“बिघडलीय हो.”

त्यांनी ग्लास दोनदा नाकाशी धरला. “फ्लूपासून मला वासच येत नाही. मुलीला सांगू नका. ती मला इथे एकटं राहू देणार नाही.”

त्यांची शेगडी गॅसची आहे. मुलीला मी अजून सांगितलेलं नाही; पण रोज संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघराकडे नाक करून कुंपणाशी उभी राहते.