तान्ह्यांच्या श्वासाजवळ बसणाऱ्या डॉक्टरीनबाई

डॉ. निर्मला ढोके यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नव्हते. नर्सिंगचा अभ्यास पूर्ण करून मी बोरगावहून पांढुर्ण्याला त्यांच्या दवाखान्यात नोकरीसाठी गेले होते. बाईंच्या मांडीवर एक तान्हे बाळ होते, त्याचे झबले गळ्यापर्यंत वर केलेले होते, आणि त्या काही न बोलता त्याच्या पोटाकडे पाहत होत्या. मी प्रमाणपत्रे पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवायला सांगितले. म्हणाल्या, "इथं बसा. या बाळाकडे एक पूर्ण मिनिट पाहा आणि मग मला सांगा, काय दिसून राहिलं."

श्वास जलद चालला आहे, असे मी सांगितले. "आणखी?" त्यांनी विचारले. मी पुन्हा पाहिले. श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. तेही सांगितले. बाई उठल्या, बाळाला ऑक्सिजन लावला आणि त्याच्या आईशी बोलू लागल्या. माझी मुलाखत तेवढ्यावर संपली. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर रुजू झाले आणि आजही तिथेच आहे.

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे. त्यांचे शिक्षण, सरकारी नोकरीतली वर्षे, त्यांना मिळालेले मान या गोष्टी इतर मंडळी लिहितीलच. पोस्टात नोकरी करणाऱ्या वडिलांनी सौसरच्या साध्या घरातून मुलीला डॉक्टर केले, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते महामारीच्या काळातल्या आणि त्यानंतरच्या बाईंविषयी, कारण तो काळ मी त्यांच्या शेजारी उभे राहून पाहिला.

दरवर्षी थंडी पडू लागली की आमचा दवाखाना भरतो. मोठ्यांना होणारी साधी सर्दी तान्ह्या बाळाच्या छातीत उतरते, बारीक श्वासनलिका सुजतात, बाळाला दम लागतो आणि दूध ओढता येत नाही. महामारीच्या पहिल्या हिवाळ्यात मात्र आमच्या खाटा रिकाम्या राहिल्या. शाळा, अंगणवाड्या, बाजार, लग्ने सगळेच बंद किंवा आवरलेले होते. आम्हाला हायसे वाटत होते. मी एकदा म्हणालेही, "मॅडम, बरं झालं न, यंदा लेकरं आजारी नाही पडून राहिली."

बाईंना ते बरे वाटले नव्हते असे नाही. पण त्या पुढचे पाहत होत्या. म्हणाल्या, "बरंच झालं. पण यंदा ज्यांना सर्दी झाली नाही, त्यांना ती कधी ना कधी होणारच. सगळं उघडलं की ती लेकरं येतील, आणि त्यांच्यासोबत तेव्हा जन्मलेली तान्हीही येतील. कोणत्या महिन्यात येतील ते मला सांगता येत नाही." त्या रिकाम्या महिन्यांत त्यांनी ऑक्सिजनची यंत्रे दुरुस्त करून घेतली, बाळांच्या नाकाच्या मापाच्या नळ्या नागपूरहून मागवल्या आणि आम्हा सर्वांना पुन्हा पहिल्या दिवसापासून शिकवले.

दुसऱ्या लाटेच्या दिवसांतली एक घटना सविस्तर सांगते. मोहगावकडची रंजना नावाची शेतमजूर बाई, सोबत सासू आणि कुशीत जेमतेम महिन्या-दोन महिन्यांचे बाळ. बाळाला दम लागला होता. रंजनाच्या अंगात ताप होता. तपासणीत तिला करोना निघाला. बाळाला नेमका कोणता विषाणू होता हे कळण्याची सोय आमच्याकडे नव्हती.

बातमी दवाखान्याच्या भिंतीबाहेर जायला वेळ लागला नाही. दुपारी आजूबाजूची माणसे दाराशी जमली. त्यांच्यात वाईट कोणी नव्हते. घाबरलेले सगळेच होते. ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले होते असेही त्यांत होते. एक जण म्हणाला, "डॉक्टरीनबाई, त्या बाईले इथून हलवा. आमच्या घरात म्हातारे माणसं आहेत."

बाई मास्क लावून दारात आल्या. सत्तरीला टेकलेल्या होत्या त्या वेळी. त्यांच्या मुलाचा पुण्याहून रोज फोन येत होता की दवाखाना बंद ठेव. बाई म्हणाल्या, "म्हातारी तर मीही आहे. तिला हलवलं तर बाळाला पाजणार कोण?"

"लेकराले वरचं दूध द्या न जी."

"त्या बाळाला श्वास घेताना त्रास होऊन राहिला. बाटलीनं पाजलं तर ठसका लागेल. आईचं दूध थोडं थोडं देता येतं, आणि या आजाराशी लढायला तेच कामी येतं. आई मास्क लावून पाजेल, हात धुवून पाजेल. मागची खोली वेगळी आहे, तिचं दारही वेगळं आहे. तिथं मी जाईन. तुमच्या घराकडे तिच्यामुळं काही येणार नाही, एवढं मी पाहते."

"अन् तुमालेच झालं तर?"

"तर मला भरती करा," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मला त्या वेळी भीती वाटत होती. माझी मुलगी लहान होती. बाईंनी मला मागच्या खोलीत जायला सांगितले नाही. पुढची खोली माझ्याकडे सोपवून त्या स्वतः मागच्या खोलीत खिडकीजवळ खुर्ची टाकून बसल्या. रंजना रडत होती. "माह्यामुळं तर नाही न झालं लेकराले?" असे ती पुनःपुन्हा विचारायची. बाई दर वेळी तेच उत्तर देत, त्याच शांत आवाजात: "ते आता शोधायचं नाही. आता त्याला छातीशी धर."

बाळ दुसऱ्या दिवशी आणखी थकले. नागपूरला फोन लावले. कुठेच जागा मिळत नव्हती. बाईंचा चेहरा त्या दिवशी मी वाचू शकले नाही. नळीने थेंब थेंब दूध, ऑक्सिजन आणि वाट पाहणे, एवढेच हातात होते. पुढच्या दिवशी सकाळी बाळाने स्वतःहून दूध ओढले. रंजनाने खिडकीतून आम्हाला हाक मारली, "पिऊन राहिला जी! पिऊन राहिला!" पुढच्या खोलीतल्या दुसऱ्या एका बाळाच्या आजोबांनी, जे पहिल्या दिवशी दारातल्या गर्दीत होते, हात जोडले. माय-लेक दोघेही बरे होऊन घरी गेले.

बाईंनी सांगितलेली लाट त्यानंतर आली, आणि ती थंडीची वाट पाहत थांबली नाही. भर पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास खाटा भरल्या. तान्ही तर होतीच. पण चालू लागलेली, ज्यांना आयुष्यात कधी सर्दी झाली नव्हती अशी मुलेही दमलेली येऊ लागली. लोक गोंधळले. करोनाची ही तिसरी लाट आहे का, असे विचारू लागले. बाईंनी एकेकाला समजावले की हा जुनाच आजार आहे, वेळ चुकवून आला आहे.

त्या हंगामात आम्ही एक बाळ गमावले. हे गौरवग्रंथात लिहावे की नाही, याचा मी विचार केला. पण बाईंना ते वगळलेले आवडणार नाही. संत्र्याच्या बागेत राखणीला राहणाऱ्या कुटुंबातली ती मुलगी होती. घरच्यांनी ओव्याची धुरी दिली, छाती शेकली, सर्दीच आहे म्हणून वाट पाहिली. आमच्याकडे आली तेव्हा ओठ निळसर होते. नागपूरच्या वाटेवर ती गेली.

काही दिवसांनी बाई त्या बागेत गेल्या. सोबत मी होते. मुलीच्या आईने बसायला सतरंजी टाकली. मग तिने विचारले, "बाई, म्या चुकली का?"

"तुला कोणी सांगितलंच नव्हतं, काय पाहायचं ते," बाई म्हणाल्या. "सांगायचं काम आमचं होतं."

परतताना गाडीत बाई एवढेच म्हणाल्या की आता दवाखान्यात बसून भागणार नाही. त्यानंतर त्या दर आठवड्याला गावांत जाऊ लागल्या. सावरगावात, सौसरकडच्या वस्त्यांत, बुद्धविहाराच्या ओट्यावर, बचत गटाच्या बैठकीत. पालकांच्या परवानगीने मोबाईलवर घेतलेले एका बाळाचे चित्रीकरण त्या दाखवत. श्वास घेताना छाती कशी आत जाते, हे बायका डोळ्यांनी पाहत. बाळ दूध सोडते आहे का, श्वास जलद आहे का, छाती आत ओढली जाते का, ओठांचा रंग बदलला आहे का, यातले एक जरी दिसले तरी निघायचे. धुरी द्यायची नाही. याहून जास्त त्या सांगत नसत. लोकांना लक्षात राहील तेवढेच सांगावे, असे त्यांचे मत आहे.

औषध न देण्याबाबत बाई किती ठाम आहेत, याचा अनुभव अनेकांना आला असेल. सौसरचे एक शिक्षक आपल्या मुलाला घेऊन आले होते. मुलाला साधी सर्दी होती. बाईंनी मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालायला सांगितले आणि दूध पाजत राहायला सांगितले. शिक्षक नाराज झाले. "एवढ्या दुरून आलो, मॅडम. एखादं इंजेक्शन, एखादी दवा तरी?" बाई हसल्या. "गुरुजी, मी तुम्हाला रिकाम्या हातानं नाही पाठवून राहिली. काय पाहायचं ते सांगून पाठवून राहिली. उद्या फोन करा." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला नाही, तेव्हा बाईंनीच तो केला. मूल खेळत होते.

मागच्या हिवाळ्यात बाई स्वतः आजारी पडल्या. खोकला छातीत उतरला आणि त्यांना आमच्याच दवाखान्यात भरती करावे लागले. ऑक्सिजनची नळी लावून पडलेल्या असतानाही बाहेर बाळाच्या रडण्याचा आवाज आला की त्या उठू पाहत. मी त्यांना खांद्याला धरून परत झोपवले. "मॅडम, डॉ. अश्विनी पाहून राहिल्या. तुम्ही पडा." डॉ. अश्विनी या बाईंनीच घडवलेल्या तरुण बालरोगतज्ज्ञ, गेल्या काही काळापासून आमच्याकडे आहेत. बाईंनी विचारले, "तिनं बाळाला उघडं करून पाहिलं का?" मी बाहेर जाऊन पाहून आले. बाळ डॉ. अश्विनींच्या मांडीवर होते, आणि त्या न बोलता पाहत होत्या. मी आत येऊन तसे सांगितले. बाईंनी डोळे मिटले आणि थोड्याच वेळात त्या गाढ झोपल्या. इतक्या वर्षांत दवाखान्यात त्यांना झोपलेले मी प्रथमच पाहिले.

आता बाई बऱ्या आहेत. सत्कार समितीने तारीख विचारली, तेव्हा "थंडीच्या आत उरकून घ्या" असे त्यांनी कळवले. त्यांची प्रकृती उत्तम राहो. सकाळचे ऊन, नातवंडांचे फोन, मनासारखे वाचन आणि दुपारची निवांत झोप त्यांना पुढची पुष्कळ वर्षे मिळत राहो. दवाखाना आम्ही सांभाळतो आहोत. एवढे आम्हा सर्वांच्या वतीने मी बाईंना सांगू इच्छिते, आणि त्यांनी ते खुशाल खरे मानावे.