विसराळू सासरा

साताऱ्याजवळच्या एका गावात आमच्या विनोदी मालिकेचं चित्रीकरण चालायचं. मी सांगलीची, मालिकेत धाकटी सून. सासऱ्याचं काम कोरेगावचे एक निवृत्त हवालदार करायचे. नोकरीत असताना रजेवर आले की गावच्या जत्रेत नाटकं करणारे. कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच उभे राहिले होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. निर्मात्या मॅडमनी विनोदी मालिकांवरच नाव कमावलं होतं. आता त्यांना गंभीर काहीतरी करायचं होतं, पण वाहिनी देत नव्हती.

एकदा ऐन प्रसंगात आबा अडले. मी चहा पुढे केला, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कोण गं?"

दिग्दर्शक थांबवणार, तेवढ्यात मॅडमनी त्याचा हात धरला. आबा कपाकडे, माझ्याकडे, दिव्यांकडे बघत राहिले. तो तुकडा तसाच दाखवला गेला. लोक पोट धरून हसले, आणि मालिकेतला सासरा विसराळू झाला.

मग आबांना संवाद देणंच बंद झालं. प्रसंगाआधी त्यांची काठी लपवायची, खोलीतलं सामान हलवायचं, मला भलत्याच नावानं हाक मारायची. "त्यांना अभिनय करू देऊ नका," मॅडम म्हणायच्या. "अभिनय करायला लागले की ते वाईट नट आहेत."

एका दुपारी आबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, मला खरंच ध्यानात ऱ्हात न्हाई गं. कुणाला बोलू नको. काम जाईल."

मी बोलले नाही. पण थोड्याच दिवसांत त्यांची बायको सेटवर आली. मॅडमनी काकूंना स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"घरी बी असंच करत्यात," काकू म्हणाल्या. "काल मलाच म्हनले, बाई, तुमी कवा आलात? आता ह्यास्नी सोडा. मोठ्या दवाखान्यात दावायचं हाय."

"काकू, अहो, लोक किती प्रेम करतात त्यांच्यावर! घरी बसले तर खचतील," मॅडम म्हणाल्या. काकूंचा हात त्यांनी सोडला नव्हता. तशाच लेखकाकडे वळल्या. "'बाई, तुम्ही कधी आलात'. घे हे."

काकू गेल्यावर मी म्हणाले, "मॅडम, ते आजारी आहेत."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात मालिकेतली धाकटी सून बाळंतपणाला माहेरी गेली. ती परत आलीच नाही. बाळाचं काय झालं, तेही कुणी विचारलं नाही.

पुढचं मला मेकअपवाल्या ताईकडून कळलं. दिव्यांसमोर उभ्याउभ्या आबांचं धोतर ओलं झालं. कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "एवढं खरं नको," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून आबांना न्यायला गाडी गेली नाही. त्यांचा कोट दुसऱ्या नटाला घातला. चार दिवस प्रेक्षकांनी कुरकुर केली, मग त्याच्यावरही हसू लागले.

काकूंचा फोन आला. आबा सकाळी दाढी करून फाटकात उभे राहायचे. कुणाचीही मोटार दिसली की हात करायचे. "नुसती गाडी तेवढी पाठवाय सांग. गावातनं एक चक्कर मारून आनून सोडूद्या."

मी निर्मिती व्यवस्थापकाला फोनवर सांगितलं. त्याला वाटलं, मी मालिकेसाठी विनोद सुचवतेय. "भारी आहे," म्हणाला.

पुढे मॅडमना हवी ती गंभीर मालिका मिळाली. स्मरणशक्ती हरवत चाललेल्या बापाची गोष्ट. समीक्षकांनी संयम, करुणा असे शब्द वापरले. पुरस्कार घेताना मॅडमचा आवाज दाटून आला होता. मलाही त्यातल्या सुनेच्या कामासाठी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. ज्या मुलीनं केलं, तिनं चांगलं केलं.

ती मालिका संपत आली तेव्हा काकूंनी पुन्हा फोन केला.

"बघतीस का गं? लय रडले मी. आमचंच घर वाटतंय. बाईला आमचं समदं कळलं हुतं बघ. मीच उगा तिला शिव्या घातल्या."

मी विचारलं, "आबा बघतात?"

"बसत्यात की माझ्याजवळ. त्यातला म्हातारा काय इसरला की हसत्यात."