शेपटी दिसली तेव्हा

पक्षी बघायला मला दादाने शिकवलं, हे आधी सांगायला हवं. माझं लग्न मोडलं आणि मी धुळ्याहून सुरतच्या पांडेसऱ्यात आईकडे परत आले, तेव्हा घरात माझ्याशी नीट बोलणारा तो एकटाच होता. मी डाइंग मिलच्या लॅबमध्ये रंग जुळवायच्या कामाला लागले, तो कापडाची दलाली करायचा. रविवारी स्कूटरवर बसवून मला बारडोलीकडच्या उसाच्या शेतांवर न्यायचा, दुर्बीण माझ्या हातात द्यायचा आणि स्वतः गप्प उभा राहायचा. नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला.

पुढे त्याला प्रदर्शनांचा नाद लागला. गेल्या हिवाळ्यात सुरतेतल्या एका प्रदर्शनासाठी त्याला सारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जोड्या हव्या होत्या. त्यातली एक जोडी व्हीटियरची. थंडीत कच्छच्या रणात उतरणारे हे मातकट रंगाचे छोटे पक्षी. त्यांच्यातल्या दोन जातींच्या माद्या जमिनीवर बसल्या की भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. उडताना शेपटी उघडली की कळतं: एकीची शेपटी जवळजवळ पूर्ण काळी, दुसरीची बुडाशी पांढरी आणि टोकाला काळी. काळ्या शेपटीचा फोटो दादाकडे होता. दुसरा हवा होता, म्हणून आम्ही दोघं भाड्याची जीप घेऊन कच्छला गेलो.

सकाळीच एक सापडली. खुरट्या झुडपाशी ताठ उभी होती. जीप पुढे घेतली की ती भुर्रकन उडे, जरा लांब जाऊन बसे. दादाचे फोटो हलत होते, नाहीतर शेपटी मिटलेली येत होती. तो पुन्हा गाडी तिच्यावर घाली. दुपार झाली. आता ती लांब उडत नव्हती. चोच उघडी ठेवून धापा टाकत होती.

मी म्हटलं, "दादा, दमली ती. खाऊ दे तिला काहीतरी. आपण दुसरी शोधू."

"आखो एक डाव," अजून एकदाच, तो म्हणाला. लहानपणापासून माझ्याशी तो अहिराणीतच बोलतो. "काय बी होत नही तिले."

"मला उतरव मग."

"बस ना गुपचूप," म्हणत त्याने गाडी पुढे घेतली.

ती उडाली, पण हातभरच वर. ससाणा कुठून आला मला दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की तो तिला खाली दाबून बसला होता आणि पंज्याखाली तिची शेपटी पंख्यासारखी उघडली होती. बुडाशी पांढरी, टोकाला काळी. दादाचा कॅमेरा थांबला नाही. सगळं झाल्यावर तो स्क्रीन माझ्यापुढे धरून म्हणाला, "दखाय ना शेपटी? आते कोन काय बोली?"

परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसले. त्याला वाटलं, मला गाडी लागली. त्याने उतरून माझ्यासाठी लिंबूसोडा आणला.

त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. आईला घेऊन मी प्रदर्शनाला गेले. फोटोखाली लिहिलं होतं, 'रणातला जगण्याचा संघर्ष'. माणसं मोबाइलवर त्याचे फोटो काढत होती. एका बाईंनी दादाला विचारलं, असा क्षण मिळायला किती धीर धरावा लागतो. दादा म्हणाला, "पक्ष्याला आपण त्रास द्यायचा नाही. नुसतं बसून राहायचं." मी त्याच्या शेजारीच उभी होते. माझ्याकडे बघून तो हसला, ओळखीचं, प्रेमाचं हसला. त्याला खरंच तसंच आठवत होतं.

घरी आल्यावर आईला रणात काय झालं ते सांगितलं, तर ती म्हणाली, "पाखरासाठी भावाशी वैर धरतेस?"

वैर नाही. भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. पण रविवारी त्याची स्कूटर खाली वाजली की मी गॅलरीतून सांगते, मिलमध्ये काम आहे. आणि एकटी बाहेर पडते, तो जात नाही अशा बाजूला.